मागच्या भिंतीवरचे चार ठोके

मार्चच्या पहिल्या रविवारी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर युरोपचा नकाशा पसरला. कोपरे वर येऊ नयेत म्हणून त्यांच्यावर साखरेचा डबा, किटली आणि माझ्या नवऱ्याचे, हार्मेनचे, दोन चष्मे ठेवले. नेदरलँड्समधल्या आमच्या वोर्कुमपासून पोर्तुगालचा दक्षिण किनारा अडीच हजार किलोमीटर. गाडीमागे कॅरव्हॅन, ते चाकांवरचं घर, ओढायची असली की दिवसाला साडेतीनशेच्या वर जायचं नाही, हा हार्मेनचा नियम. मी छत्तीस वर्षं औषधांच्या दुकानात गोळ्या मोजून दिल्या. मोजायला मला आवडतं. मुक्काम, पेट्रोल, गॅसच्या टाक्या, सगळं वहीत लिहून काढलं. शेवटी लिहिलं : बटाटे, एक पोतं. फ्रान्समध्ये बटाटे मिळत नाहीत अशी आमच्या लोकांची ठाम समजूत आहे.

"आई, तू जन्मात कॅरव्हॅन ओढलेली नाहीस," माझी मुलगी हिस्के म्हणाली. "चालवायचे बाबा. तू नुसती मागे उभी राहायचीस."

"मागे उभं राहणं हेही काम होतं."

"विकून टाक ना. चांगलं गिऱ्हाईक आलंय."

शेवटी सौदा ठरला. एप्रिल संपेपर्यंत मी कॅरव्हॅन एकटीनं गाडीला जोडून, गावाला फेरी मारून, उलटी अंगणात लावून दाखवायची. जमलं तर हिस्के गिऱ्हाइकाचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर कॅरव्हॅन जाईल.

तिला वाटत होतं, मला बाबांचं अपुरं राहिलेलं पोर्तुगाल बघायचंय. मला पोर्तुगालचं काही पडलेलं नव्हतं. मला तिसऱ्या दिवसाचा मुक्काम हवा होता : फ्रान्समधल्या बुर्गुंडीतलं तळ्याकाठचं कँपिंग, जागा नंबर सत्तावीस. मागच्या सप्टेंबरात हार्मेन तिथेच वारला.

शेजारचा वोब्बे चाळीस वर्षं ट्रक चालवून निवृत्त झालेला. त्यानं मला शिकवायचं अंगावर घेतलं आणि रोज सकाळी कुंपणाशी उभा राहून ओरडायला लागला.

"चित्स्के, उलट! अगं, स्टिअरिंग उलट्या बाजूला! माझ्या गुलाबांनी तुझं काय घोडं मारलंय?"

"गुलाब बाजूला घे मग!"

तिसऱ्या आठवड्यात जमायला लागलं. गुलाबाची दोनच झाडं गेली.

निघण्यापूर्वी दिवे तपासायला दोन माणसं लागतात. एक गाडीत बसून सिग्नल दाबतो, दुसरा कॅरव्हॅनच्या मागे उभा राहून सांगतो. माझा आवाज बारीक, हार्मेनचे कान मंद. म्हणून एकतीस वर्षं मी मागच्या पत्र्यावर अंगठीनं ठोके द्यायची. डावा दिवा लागला की एक, उजवा लागला की दोन, ब्रेकचे लागले की तीन. चार ठोके म्हणजे थांब, उतर, काहीतरी चुकलंय. चार मी आयुष्यात एकदाच दिले होते, मागच्या खिडकीतून धूर येत होता तेव्हा.

एका मंगळवारी वोब्बे दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. मी एकटीच कॅरव्हॅन जोडली, गाडीत बसले आणि जुन्या सवयीनं डावा सिग्नल दाबला.

मागून एक ठोका आला.

मी उजवा दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. काही नाही. मग माझ्या ध्यानात आलं की मागे उभं राहायला कुणी नाहीच. उतरून पाहिलं. अंगण रिकामं होतं, आणि उजवा दिवा खरंच गेलेला होता. बल्ब बदलला, पुन्हा बसले, सिग्नल दाबला. दोन ठोके आले.

उन्हानं पत्रा तापला की वाजतो, असं वोब्बेनं संध्याकाळी सांगितलं. त्या दिवशी ऊन नव्हतं.

नंतर रोज ठोके यायचे आणि कधी चुकायचे नाहीत. मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर सकाळची मी वाट बघायला लागले. हार्मेन आहे, असंच मी धरून चालले. एकच गोष्ट खुपत होती. तो आवाज अंगठीचा होता. वीस वर्षांपूर्वी बोट सुजलं तेव्हा हार्मेनची अंगठी कापून काढावी लागली होती, आणि नंतर त्यानं कधी घातली नाही.

परीक्षेच्या दिवशी मी एका दमात कॅरव्हॅन अंगणात घातली. हिस्केनं मला मिठी मारली आणि रडली. मीसुद्धा. तरी तिला खरं कारण सांगितलं नाही. आजवर ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

सप्टेंबरातल्या त्या दुपारी, सत्तावीस नंबरवर, हार्मेनच्या पोटात जड वाटत होतं, म्हणून तो मागच्या पलंगावर आडवा झाला. मी बाहेर, कॅरव्हॅनच्या मागच्या भिंतीच्या सावलीत, खुर्ची टाकून बटाटे सोलत होते. रेडिओवर स्पेनमधल्या सायकल शर्यतीचं समालोचन चालू होतं. आमचा एक पोरगा पुढे होता, अकरा किलोमीटर उरले होते. चार वाजून दहा मिनिटांनी भिंतीवर चार ठोके पडले.

मला वाटलं, शेजारच्या जर्मन कुटुंबातल्या मुलांचा चेंडू. मी ओरडले, "पोरांनो, चेंडू तिकडे लांब न्या रे!" आणि सोलत राहिले. शर्यत संपली. सव्वापाचला आत गेले.

साडेचारच्या सुमारास, झोपेत गेला, असं डॉक्टर म्हणाले. ती मुलं दुपारभर तळ्यावर होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यानं मला बोलावलं आणि मी बटाटे सोलत बसले. आठ महिने मी हे घेऊन झोपत होते. मला तिथे जाऊन त्याची माफी मागायची होती.

बारा मेला निघाले, चौदाला पोचले. कँपिंगच्या मालकीण मादाम कोलास यांनी मला लगेच ओळखलं.

"तळ्याजवळची जागा देते ना, बाई. ती जास्त चांगली आहे."

"सत्तावीसच द्या."

त्यांनी माझा दंड दाबला आणि वहीत सत्तावीस लिहिलं.

कॅरव्हॅन मी पहिल्याच झटक्यात उलटी लावली. गाडीपासून सोडवली नाही, सामान काढलं नाही. तशीच आत गेले आणि मागच्या पलंगावर त्याच्या बाजूला, मागच्या भिंतीकडे तोंड करून आडवी झाले. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. माफीचे शब्द मी वाटभर जुळवले होते. ते मी जुळवले तसेच म्हटले.

भिंतीपलीकडे रेडिओ लागला.

आधी वाटलं, शेजारी कुणी असेल. मग शब्द कळले. पुढे निघालेला पोरगा. अकरा किलोमीटर. मधूनमधून पाण्याच्या भांड्यात काहीतरी टुपकन पडत होतं. कुणीतरी खाकरलं. आपलं खाकरणं माणसाला ओळखू येतं.

मी घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. अजून वीस मिनिटं होती. बाहेर बटाटे सोलणारी ती बाई आत्ता उठून आत आली तर वेळ होता.

मी मूठ वळली आणि भिंतीवर अंगठीनं चार ठोके दिले.

सुरी थांबली.

"पोरांनो, चेंडू तिकडे लांब न्या रे!"

बारीक, त्रासलेला, माझाच आवाज. मग सुरी पुन्हा चालू झाली.

मी उठणार होते. बाहेर धावून तिच्या हातातली सुरी हिसकणार होते. तेवढ्यात माझ्या पाठीला ऊब लागली. मागे कुणीतरी गाढ झोपलं होतं. श्वास संथ, मधूनच नाकात वाजणारा. एकतीस वर्षं मला याच आवाजाचा राग यायचा.

तेव्हाचे ठोके माझेच होते; त्यानं मला बोलावलं नव्हतं. त्याला काहीच कळलं नव्हतं.

मी वळले नाही. हात मागे नेला, त्याचा हात सापडला, अंगठी नसलेला. तो मी धरून ठेवला. श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. साडेचारला पुढचा श्वास आला नाही. रेडिओही थांबला. तरीही बराच वेळ मी हात सोडला नाही.

बाहेर आले तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं. मागच्या भिंतीच्या सावलीत गवत थोडं दबलेलं होतं. त्यात बटाट्याची एक लांब, न तुटलेली साल पडली होती. मी ती उचलली. ओली होती.

बटाट्यांचं पोतं अजून गाडीतच होतं, शिवलेल्या तोंडानं.