लिओनच्या जहाजाकडे

लिओनचं जहाज त्या सकाळी मालवणसमोरून जाणार होतं. थांबणार नव्हतं. आखातातून कोलंबोकडे निघालेलं ते मालवाहू जहाज. मालवणच्या बंदरात त्याचं काय काम? पण किनाऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरून ते दक्षिणेला सरकत असताना लिओन डेकवर येऊन उभा राहणार होता, आणि त्याची बायको ॲश्लिन त्याच्या डोक्यावरून एक फेरी मारणार होती. दोघांनी मिळून बांधायला घेतलेल्या विमानातून!

विमान कसलं, दोन माणसांचं पाखरूच ते. लिओनने सुट्टीत त्याचा सांगाडा आंब्याच्या पेट्या भरायच्या शेडमध्ये उभा केला, पंखांच्या लाकडी फासळ्या तासून बसवल्या आणि पुन्हा बोटीवर निघून गेला. मर्लिन तेव्हा रांगत होती. आता ती घरभर धावते आणि ‘पप्पा खंय?’ विचारलं की मोबाईलकडे बोट दाखवते. उरलेलं विमान ॲश्लिनने एकटीने पुरं केलं. पोरगी झोपली की शेडमध्ये जायचं, आणि तिचं रडणं ऐकू येतंय की काय म्हणून कान घराकडे ठेवायचे. परवाना तिच्याकडे होता, परवानग्या मिळाल्या होत्या, सड्याच्या कातळी पठाराभोवतीच्या छोट्या चाचण्याही ठीक झाल्या होत्या.

एक गोष्ट मात्र तिने लिओनला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. तिचे वडील होड्या बांधायचे. पंखांवर कापड चढवायच्या आदल्या संध्याकाळी खारी हवा शेडमध्ये शिरली, आणि ते नाजूक लाकूड त्यात टिकायचं नाही असं तिला वाटलं. तिने मोरी माशाचं तेल आणून एकेका फासळीला चोळलं. तिच्या माहेरची एकही होडी या तेलाशिवाय पाण्यात गेली नव्हती. सकाळी तिने लाकूड फडक्याने कोरडं केलं, वर गोंद लावला आणि कापड ताणून बसवलं.

सड्यावर सासू, फ्रान्सिस्काबाई, मर्लिनला कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्या पहाटेपासून कुरकुरत होत्या.

“घोवाक बघूक बायका बंदरार जातत. तू आकाशात चाललंस!”

“त्याचा जहाज बंदरात लागणा नाय, मांय.”

“मग लागात तेव्हा बघ. ह्या पोरीक कोण बघतला?”

ॲश्लिनने मर्लिनची कानटोपी नीट केली. मग एकेक बोल्ट हात लावून पाहिला. मग पुन्हा पाहिला. घरातून निघताना गॅसचं बटण पाहायची तिला सवय होती, तसंच.

विमान कातळावरून खडखडत धावलं, आणि खडखडाट थांबला. खाली काजूची बाग, कौलं, नारळाची रांग, मग फेसाची पांढरी रेघ, आणि पुढे फक्त पाणी. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा सकाळचा मतलई वारा पाठीशी होता, त्यामुळे विमान भरभर पुढे सरकत होतं. एवढी मोकळी जागा तिने कधी पाहिली नव्हती. एवढी रिकामीही. वर्षभर अंथरुणाची अर्धी बाजू रिकामी असते, तीच कुणीतरी क्षितिजापर्यंत पसरून ठेवलीय, असं तिला वाटून गेलं.

निम्म्या वाटेवर शेजारच्या लवूकाकांची मच्छीमार होडी एका जागी डोलत होती. काही झालंच तर धावून यायला ते पहाटेच निघाले होते. वॉकीटॉकी खरखरला.

“काय गो ॲश्लिन, वरून माझा टक्कल दिसता काय?”

“चमकता, काका! दीपस्तंभच तो!”

“मग त्याच उजेडात परत ये. वारो वाढतासा, ध्यानात ठेव.”

होडी मागे पडली. पुन्हा एकटं इंजिन आणि एकटी ती.

आणि मग तिला जहाज दिसलं! आधी धुरकट डाग, मग लांबलचक काळा देह, मागच्या टोकाला पांढरी इमारत. तिथेच कुठेतरी नारिंगी कपड्यातला एक माणूस मान वर करून उभा असणार. ती मोठ्याने हसली. ऐकायला कुणी नव्हतं.

तेवढ्यात तिला वास आला. माशाच्या तेलाचा!

होडीचा असेल. पण होडी तर केव्हाच मागे राहिली होती. हजार फुटांवर मासा कुठला?

तिने डावीकडे मान वळवली. पंखावरचं कापड पुढच्या कडेपाशी फुग्यासारखं वर आलं होतं. उन्हात तेल तापलं होतं, आणि तेलकट लाकडावर गोंद धरलाच नव्हता. लहान चाचण्यांत निभावून गेलं, एवढंच. तिच्या डोळ्यांसमोर कापड एका फासळीवरून सुटलं. मग दुसरीवरून. फटफट! फटफट! डावा पंख खाली गेला. तिने दांडा उजवीकडे दाबून धरला आणि इंजिन कमी केलं. वेग कमी, तर ओढ कमी.

जहाज समोर होतं. आणखी थोडंच. एक फेरी, फक्त एकच! लिओन पाहील. हात हलवील.

आणि कापड फाटलं तर? तर तेही तो पाहील.

मर्लिनची कानटोपी तिला आठवली. तिने दात आवळले आणि जहाजाकडे पाठ फिरवली.

आता तोच वारा तोंडावर आला. विमान जागच्या जागी लटकल्यासारखं झालं. वेग वाढवला की कापड फुगे, कमी केला की किनारा जवळ येईना. दांडा धरून मनगट बधिर झालं. कितीतरी वेळाने होडी दिसली.

“पंखार काय फडफडता गो?” काकांच्या आवाजातली थट्टा पार गेली होती.

“कापड सुटला, काका.”

“हयसर उतर. पाण्यात. मी आसंय मा!”

“चाकां पाण्यात अडकतली. विमान उलटात. मी सीटच्या पट्ट्यात बांधलेली.”

खरखरीत होडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

“मग जा. किनारो गाठ. मी मागसून येतंय.”

सड्यापर्यंत चढायची ताकद विमानात राहिली नव्हती. समोर तोंडवळीची लांब पुळण होती, पण तिच्यातला ओल्या, घट्ट वाळूचा एकच पट्टा उतरण्याजोगा होता, आणि नेमकी तिथेच रापण ओढत होते! समुद्रातलं मोठं जाळं माणसं किनाऱ्यावरून दोराने ओढत होती, आणि तो दोर पट्ट्यावर आडवा ताणलेला. ओढत आणलेली रापण कुणी सोडत नाही. सोडली तर आतला मासा गेलाच.

ती ओरडली. वाऱ्यात तिचं तिलाच ऐकू आलं नाही. विमान खाली खाली येत होतं. दोर कमरेइतका उंच. फटफट! फटफट!

एका बाईने वर पाहिलं आणि हात उडवले. “सोडा रे! सोडा दोर!”

दोर वाळूवर पडला. माणसं दोन्हीकडे पांगली. चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली, मऊ वाळूत रुतली. विमान नाकावर उभं राहिलं आणि धप्पकन मागे बसलं.

शांतता.

ॲश्लिनने आपले हातपाय चाचपले. तीच बाई, शेवंती, धावत आली आणि तिला सीटच्या पट्ट्यातून ओढून काढत म्हणाली, “जित्ता आसा गो! आमचे अर्धे बांगडे मात्र गेले तुझ्यापायी.”

ॲश्लिनने आधी घरी फोन लावून मर्लिनचा आवाज ऐकला. मग तो लगेच वाजला. लिओन! आवाज तुटत होता.

“निघालंस काय गो? मी इतको वेळ डेकार उभो आसंय.”

“तुका काय दिसला?”

“काय नाय. लांब एक घार होती. आमच्याकडे येय होती. मगे ती पण फिरली.”

“लिओन, ती घार—”

रेंज गेली. तिने पुन्हा लावला. लागला नाही.

रापणीतल्या माणसांनी वाळूवरचा दोर परत उचलला होता. जाळ्यात काही उरलं असलं तर पाहायचं होतं. “बघतंस काय? ओढ आता!” शेवंतीने हाक मारली.

ॲश्लिन ओळीत जाऊन उभी राहिली आणि तिने ओला दोर हातात घेतला. पुढे अनोळखी पाठी, मागे अनोळखी श्वास. “हो-हो-हो!” सगळे एका दमात ओढत होते. रापण ओढताना पाय मागे मागे जातात आणि तोंड समुद्राकडेच राहतं. तिने क्षितिजावर नजर लावली. तिथे आता डागसुद्धा नव्हता. तरी ती ओढत राहिली, सगळ्यांबरोबर, एकेक पाऊल मागे, घराच्या बाजूला.