डोळ्याच्या कडेने

ती मावशीच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. तो तिथे शिरला तो फ्रेमचा निसटलेला स्क्रू बसवून घ्यायला. डोळे तपासायचा आग्रह तिचाच.

"शेवटची ओळ वाचा."

"ती... नाही दिसत."

"कशी दिसेल? तक्ता इथे, तुम्ही बघताय भिंतीकडे!"

तो ओशाळला. "सवय हो. वेधशाळेत असतो मी."

पुढे तो स्क्रू दर आठवड्याला सैल होऊ लागला. "असला नाठाळ स्क्रू मी उभ्या जन्मात पाहिला नाही," मावशी म्हणायची. पण हा पठ्ठ्या बोलायचा भाचीशी आणि बघायचा काउंटरच्या कोपऱ्याकडे. आपण याला आवडतो की नाही, या विचाराने तिचा जीव टांगणीला लागला होता.

आणि एक दिवस तो म्हणाला, "सोमवारी जातोय. दक्षिणेतल्या मोठ्या वेधशाळेत, कायमचा. त्याआधी एक दाखवायचंय... याल?"

वेधशाळेच्या गच्चीवर अंधार नुकताच दाटला होता. त्याने दक्षिणेला, क्षितिजाच्या जरा वर बोट दाखवलं. "सूक्ष्मदर्शी. तुमच्या भिंगांच्या गोतावळ्यातला तारकासमूह."

"कुठे? नुसता काळोख तर आहे."

"सरळ बघू नका. थोडं बाजूला बघा... त्याला डोळ्याच्या कडेने येऊ द्या."

तिने नजर किंचित वळवली, आणि रित्या काळोखातून एक ठिपका उमलला. मग दुसरा... तिसरा... थेट बघितलं की गायब! तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आनंद होत होता आणि भीतीही वाटत होती.

"इतका वेळ इथेच होते हे?"

"आपण कुणीच नव्हतो, तेव्हापासून."

ती भारावून त्याच्याकडे वळली. तो तिच्या शेजारच्या कठड्याकडे बघत होता. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"म्हणजे दुकानात दर वेळी तो काउंटरचा कोपरा..."

"सरळ बघितलं तर नाहीशी होशील, असं वाटायचं..." त्याचा आवाज अडखळला.

"मी काय इतकी अंधुक आहे?" तिला हसू आलं, डोळेही भरून आले. "बघा बरं सरळ."

त्याने धीर करून नजर उचलली. ती कुठेही गेली नाही. आभाळाकडे बघतानाही त्याचा चेहरा इतका थक्क झालेला तिने पाहिला नव्हता.

"आता शेवटची ओळ वाचा," ती हळूच म्हणाली.

"माझ्याबरोबर... येशील?"

"यायलाच हवं," ती म्हणाली, "तिथे तुमचा स्क्रू कोण बसवणार?"