टॉर्चवाल्याचा फोटो

लाइट गेली की झेरॉक्सवाल्या काकांना कंठ फुटतो. आम्ही पोरं लगेच त्यांच्या पायरीवर.

"थापा नाहीत हं. शेजारच्या फोटोग्राफरचंच सांगतोय," काका म्हणाले.

गेल्या मार्चातला दुसरा शुक्रवार. आईने सांगितलं म्हणून फोटोग्राफर संध्याकाळी घरी फ्रेम घेऊन आला. धाकटा भाऊ तापाने गेलेला. फ्रेममध्ये घालायला त्याचा एक धड फोटो नव्हता.

"फोटोग्राफरच्या घरात?" बारक्या फिदीफिदी हसला.

"दात आवर. ऐक."

दोघं भाऊ अंधारात फोटो काढायचे. कॅमेरा स्टँडवर. धाकटा काळे कपडे घालून टॉर्च फिरवायचा. एका फोटोत खिडकी उजळायची, दुसऱ्यात जिना. मग थोरला कॉम्प्युटरवर सगळ्यांतला फक्त उजेड उचलून एकावर एक चढवायचा. साधी खोली पण राजवाडा दिसायची. टॉर्चवाला मात्र कुठेच नाही.

"पुसलंस ना मला, दादा?"

"मागमूस नाही ठेवला."

दोघं खूश व्हायचे.

आता आई रिकामी फ्रेम मांडीवर घेऊन बसलेली. "जगाचे फोटो काढलेस. माझ्या लेकराचा एक दे."

तो जेवला नाही. कॉम्प्युटरवर सगळं उलटं करायला बसला. उजेड काढून टाकायचा, अंधार ठेवायचा. जुन्या फोटोंतला काळोख थरावर थर चढवला, ताणून ताणून उजळवला. रात्री एकच्या सुमाराला खांदा दिसला. मग मान. पाठमोरी.

अजून फोटो घातले. सगळे संपले. तोंड नाहीच.

"वळ ना रे..." तो स्क्रीनला म्हणाला. "आईसाठी वळ."

मग त्याने कॅमेरा स्टँडवर लावला, टायमरवर. दिवे घालवले. समोर खुर्चीत बसला. टॉर्च टेबलावर, पोकळ. सेल आईने कधीच घड्याळात घातलेले.

क्लिक. अंधार.

क्लिक...

त्याला काही दिसलं नाही. ऐकूही आलं नाही. रडून डोळे सुजले, तेव्हा उठला. फोटो कॉम्प्युटरवर उघडले.

पहिला काळा. दुसरा काळा.

तिसऱ्यात भिंतीवर उजेडाची रेघ.

मग खुर्चीच्या पायावर. त्याच्या गुडघ्यावर. हातावर...

शेवटच्यात तोंडावर. अगदी जवळून.

बारक्या माझ्या अंगावर सरकला.

"मग? फ्रेम?"

"लावलीय की. त्यांच्या बाहेरच्या खोलीत. आत नुसता एक डोळा आहे. फोटोग्राफरचाच, त्या शेवटच्या फोटोतला, मोठा केलेला. नीट बघितलं की बुबुळात काळे कपडे दिसतात. टॉर्च धरलेला हात. आणि तोंड... वळलेलं."