चार लख्ख पट्ट्या

जाड साखरेएवढे स्फटिक निघायचे, तिथे गाळणीवर पिठासारखा लगदा आला. औषधाचा अख्खा घाणा वाया गेला.

डिसेंबर १९९६. नागोयाच्या त्या कारखान्यात बातमी पसरायच्या आत नीलकंठ गुप्ते माफीपत्र टाइप करून मोकळे झाले होते. मुंबईच्या विक्री खात्यातून थेट इथे व्यवस्थापक म्हणून आलेले गृहस्थ. पत्र त्यांनी सुचेतापुढे सरकवलं.

"सही करा. थंड करायचं वेळापत्रक तुमचं होतं. तीन वाजता क्लायंटसमोर कमरेत वाकून माफी मागायची, आणि उद्यापासून येऊ नका."

सुचेता नवऱ्याच्या बदलीबरोबर आलेली केमिकल इंजिनियर. प्रयोगशाळेतली ही अर्धवेळ नोकरी तिने स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती. ती अशी सुखासुखी सोडायला ती काही तयार नव्हती.

"आधी टाकी बघते. ढवळणं नीट झालं होतं?"

"झक्कास. काल मी काचेतून स्वतः पाहिलं. भोवरा इतका खोल, की तळाचं पातं दिसत होतं."

टाकीवरच्या जुन्या कामगाराने, मुरासेसानांनी, बॅटरी धरली. टाकीच्या आतल्या भिंतीवर पांढरा थर, द्रवाच्या रेषेच्याही वीतभर वर. भिंतीलगतच्या चार उभ्या पट्ट्या मात्र लख्ख. सुचेताने एक बोल्ट सैल केला. पट्टीखाली स्फटिक चिरडलेले होते.

"या काढल्या होत्या?"

"वर्षअखेरच्या साफसफाईला मीच काढल्या. काल रजेवर होतो. आज आलो तर जागच्या जागी."

"झाकणाची किल्ली?"

मुरासेसान जरा घुटमळले. "नीलकंठसानांकडे."

तीन वाजता सुचेताने क्लायंटपुढे चहाचा पेला ठेवला. चॉपस्टिकने गरगर ढवळला. चहाचा चुरा मधोमध गोळा झाला. मग तीच काडी कडेला उभी धरली, तसा भोवरा मोडला आणि चुरा वरखाली घुसळला गेला.

"पट्ट्यांचं काम हेच," ती जपानीत सावकाश म्हणाली. "त्या नसल्या की द्रव नुसता गोल फिरतो, भिंतीवर चढतो, मिसळत नाही. थंड भिंतीशी एकदम बारीक स्फटिक सुटतात, थर धरतो. पट्ट्या असत्या तर पातं दिसण्याइतका भोवरा पडला नसता, आणि थर त्यांच्यावरही असता. त्या मागाहून बसवल्या. झाकणाची किल्ली ज्यांच्याकडे होती, त्यांनी."

"इथे नको, सुचेता," नीलकंठ मराठीत पुटपुटले. "बसवायला अर्धा दिवस गेला असता. सुट्टीआधी माल द्यायचा शब्द दिला होता मी."

तिने त्याचाही जपानी अर्थ सांगितला, शब्दन् शब्द. मग माफीपत्रावरचं आपलं नाव खोडून त्यांचं लिहिलं.

"वाका," ती म्हणाली. "मी उद्या आठला येतेय."