टाकीतली गवताची काडी

"नवा मासा आला की थेट टाकीत सोडायचा नाही," बॅग खांद्याला अडकवता अडकवता भूपेंद्रमामा म्हणाला होता. "आधी मागच्या अंगणातल्या टबात ठेवायचा. चांगला महिनाभर. रोग घेऊन आला असेल, तर तिथेच कळतो."

"हो रे मामा, किती वेळा सांगशील?" ममता म्हणाली. तिचं लक्ष मोबाईलमध्ये होतं. धुळ्याच्या मैत्रिणीला ती टाकीचा फोटो पाठवत होती.

मामा ट्रेनिंगसाठी नाशिकला गेला आणि टाकी ममताच्या ताब्यात आली. यंदाच्या सुट्टीत ती धुळ्याहून जळगावला, पिंप्राळ्यातल्या मामाच्या घरी आली होती ती मुळात या टाकीपायीच. साधी टाकी नव्हती ती. खाऱ्या पाण्याची! जळगावपासून समुद्र केवढा तरी लांब, म्हणून मामाने गाळलेल्या पाण्यात समुद्री मीठ घोळून हॉलच्या कोपऱ्यात समुद्रच तयार केला होता. उन्हाने पाणी आटलं की वरून साधं गाळलेलं पाणी घालायचं, कारण पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, हे मामाने तिला दोनदा करून दाखवलं होतं. ते तिने नीट लक्षात ठेवलं. टबाचं मात्र एका कानाने ऐकलं.

टाकीत तीन मासे होते. पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी आणि एक जांभळट निळा. मामाचा मुलगा भूषण अकरा वर्षांचा. त्याचं डोकं कायम ताटाभोवती फिरायचं, म्हणून नारिंगी जोडी झाली शेव आणि भाजी, आणि निळा झाला वांगं.

मामा गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुकानदाराने मामाने सांगून ठेवलेला पिवळा मासा आणून दिला. भूषणने त्याचं लगेच बारसं केलं : ढोकळा. ममताने त्याला टबात ठेवला, पण तो कोपऱ्यात जाऊन नुसता थरथरत राहिला. अंगणात ऊन मी म्हणत होतं. तिला बघवेना. मासा तर छान दिसतोय, एकटा पडलाय म्हणून रुसलाय, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि संध्याकाळच्या आत त्याला टाकीत सोडून दिलं.

रात्री मामाचा फोन आला. "ढोकळा टबात आहे ना?"

"हो," ममता म्हणाली.

आणि तिने घाईघाईने फोन मामीच्या हातात दिला.

काही दिवसांतच ढोकळ्याच्या अंगावर रव्याचे दाणे चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसायला लागले. मग वांग्याच्या अंगावर. एके दिवशी सकाळी वांगं तळाशी आडवं पडलेलं सापडलं. भूषणने त्याला कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं आणि त्या दिवशी जेवताना खाण्याचा एकही विनोद केला नाही.

ममताच्या पानात पोळी तशीच राहू लागली. दिपमालामामीला वाटलं, पोरीला ऊन बाधलं. तिने कैरीचं पन्हं करून दिलं. ममता ते निमूटपणे प्यायली आणि तिला आणखीच चोरट्यासारखं झालं.

"दर्याना मासा इठे टिकाव नही," खुर्चीत बसल्या बसल्या नाना आपल्या अहिराणीत म्हणाले. "मी पहिलेच सांगेल व्हतं."

रुपचंद नाना म्हणजे ममताच्या आईचे वडील. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. बंद पडलेलं घड्याळ, गळका नळ, कुरकुरणारा पाळणा, नानांचा हात लागला नाही अशी वस्तू घरात नव्हती. फक्त टाकी तेवढी त्यांना पटली नव्हती.

सगळ्यात आधी संशय आला तो नवलला. नवल शेजारचा, सातवीतला. दुपारी भूषणची धाकटी बहीण छकुली हॉलमध्ये पाळण्यात झोपायची आणि गोंगाट नको म्हणून मामी तिन्ही मुलांना नवलच्या घरी कॅरम खेळायला पिटाळायची. मुलं चहाच्या वेळेला परत यायची.

"एक सांगू?" नवल काचेला नाक लावून म्हणाला. "आपण दुपारी आलो की मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. रात्री एकदम ठीक असतात. काल तसंच, परवा तसंच. रोग काय चहाची वेळ बघून येतो का?"

ममता काचेजवळ सरकली. म्हणजे कारण दुसरंच असेल? म्हणजे आपण नसू? त्या क्षणापासून तिला गुन्हेगार हवाच होता. कुणीही चालला असता.

"तपास करायचा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

टाकीतलं पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या जाळीत तिला एक बारीक पिवळी काडी दिसली. तिने चिमट्याने ती बाहेर काढली.

"समुद्रात गवत उगवतं का रे?" भूषणने विचारलं.

"गवत कुलरमध्ये असतं," नवल म्हणाला.

तिघांनीही एकदमच हॉलच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कुलर होता. बाजूच्या जाळीतलं गवत वाळून कडक झालं होतं आणि त्यावर पांढरी पुटं चढली होती. नवल म्हणाला, बोअरच्या पाण्याचे क्षार असतील, आमच्या कुलरवरही बसतात. ममता म्हणाली, नाही, हे टाकीतलं मीठ आहे, आणि वाद सुरू झाला. तोवर भूषणने एक काडी उपटून जिभेला लावलीसुद्धा.

"खारट आहे."

"शी! तू चाटलंस?"

"मग तुमचा वाद ऐकत दिवाळीपर्यंत बसू का? अळणी शेवभाजी आणि खारट शेवभाजी यातला फरक कळतो मला."

कुलरमध्ये समुद्राचं पाणी आणि समुद्रात कुलरचं गवत! दोन्हीकडे जाऊन येणारी वस्तू एकच असू शकत होती : टाकीचा पंप. ममताने कुलरच्या तळात हात घातला. पाणी वर चढवणारा पंप तिथे नव्हताच. तो सापडला नानांच्या हत्यारांच्या पेटीत, जळून काळा पडलेला.

"नाना?" भूषण कुजबुजला. "नाना तर मुंगी मारत नाहीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघांनी कॅरम कॅरम म्हणत भरपूर आरडाओरडा केला, फाटक धाडकन आपटलं, चपला नवलच्या दारात काढल्या आणि मागच्या अंगणातून अनवाणी घरात शिरले. मधल्या दाराच्या पडद्याआड श्वास रोखून उभे राहिले. नवलने मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू केलं.

मामी आतल्या खोलीत झोपली होती. हॉलमध्ये नाना वर्तमानपत्राने छकुलीला वारा घालत होते. तिची मान घामाने ओली झाली होती. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं, टाकीपाशी गेले, पंप काढला, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि कुलरच्या तळात बसवला. जाळीतून पाणी झिरपायला लागलं. गार वारा सुटताच छकुलीचं कुरकुरणं थांबलं. आणि टाकीतलं पाणी डबक्यासारखं निपचित पडलं.

"पकडलं," नवल ओठांतल्या ओठांत म्हणाला.

ममताने तो व्हिडिओ आपल्या मोबाईलवर घेतला आणि अंगणात जाऊन कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून दिला. वर लिहिलं, 'मासेचोर सापडला!' तिचं बोट जराही अडखळलं नाही. उलट कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

ग्रुपवर हसण्याचा पूर आला. 'शाब्बास माझी गुप्तहेर,' असं आईने धुळ्याहून लिहिलं. मावशीने लिहिलं, 'नाना, या वयात चोरी?' मामी मोबाईल हातात घेऊनच बाहेर आली. तिने आधी पंप टाकीत परत लावला आणि मग पदर तोंडाला लावून हसत राहिली. कुलरचा पंप बिघडल्याचा तिला पत्ताच नव्हता. नाना काही न बोलता उठून जिन्याकडे गेले. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मामाचा फोन आला तेव्हा ममताने तो ऐटीत स्पीकरवर टाकला. मामानेही तिघांना शाब्बासकी दिली. उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात हवा आधीच कमी विरघळते, त्यात पंप बंद पडला की मासे गुदमरतात, हे त्याने समजावून सांगितलं. मग त्याचा आवाज बदलला.

"पण गुदमरण्याने पांढरे ठिपके येत नाहीत, ममता. ते किड्याने येतात, आणि किडा बाहेरून यावा लागतो. ढोकळा टबातच आहे ना अजून?"

भूषणने ममताकडे पाहिलं. नवलने जमिनीकडे पाहिलं.

"नाही," ममता म्हणाली. "पहिल्याच दिवशी टाकीत सोडला. तुला मी खोटं सांगितलं."

 मामा रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. पण तो रागावला नाही. किडा ढोकळ्याबरोबर आला आणि गुदमरून अशक्त झालेल्या माशांना त्याने सहज धरलं, एवढंच त्याने सांगितलं. मग पुढची कामं भराभर सांगितली. तिन्ही मासे टबात हलवायचे. हवा सोडणारा छोटा पंप जोडायचा. टब अंगणातून उचलून घरात सावलीला ठेवायचा. औषध घालायचं ते टबातच, टाकीत थेंबभरही नाही. टाकी दोन-अडीच महिने माशांशिवाय चालू ठेवायची, म्हणजे मासा न मिळाल्याने किडा आपोआप मरतो. आणि टाकीतली जाळी टबात, टबातली टाकीत असं करायचं नाही.

मामी स्कूटरवरून जाऊन कुलरचा नवा पंप आणि औषध घेऊन आली. मुलांनी टब आत आणला. ममताने ओंजळीएवढ्या जाळीने एकेक मासा अलगद उचलला. भाजी एका कुशीवर कलंडली होती. दिवे लागायच्या सुमाराला तिची हालचाल थांबली. शेव आणि ढोकळा मात्र अजून कल्ले हलवत होते.

सगळे टबाभोवती बसले होते. भूषणला हुंदका आवरत नव्हता. मामीने पानं वाढली आणि नानांना हाक मारली. उत्तर आलं नाही.

तेव्हा ममताला आठवलं. ग्रुपवर नानाही होते.

ती जिना चढून गच्चीवर गेली. जमीन अजून तापलेली होती. नाना कठड्याला टेकून बसले होते. मोबाईल मांडीवर उलटा पडला होता.

"माले वाटनं, पोरले उकडस," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "घडीभर पंप काढा तर मासाले काय व्हणार? मन्हामुळे मरनात ना त्या?"

ममता त्यांच्या शेजारी बसली. पडद्याआडून तिनेही पाहिला होता तो वर्तमानपत्राचा वारा, ती छकुलीची ओली मान. व्हिडिओ पाठवताना तेवढं तिने न बघितल्यासारखं केलं होतं.

"रोग मी आणला, नाना," ती म्हणाली. "मामाने सांगून ठेवलं होतं, तरी मी ऐकलं नाही. माझं नाव निघू नये म्हणून तुमचं पुढे केलं."

नानांनी मांडीवरचा मोबाईल बाजूला ठेवला. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिला फार जड वाटला.

तिने व्हिडिओ काढून टाकला, पण मावशीने तो केव्हाच पुढे पाठवला होता. तो कुठे कुठे पोचला, ते तिला कधीच कळणार नव्हतं. मग तिने ग्रुपवर लिहिलं, 'रोगी मासा टाकीत मी सोडला. मामाला खोटंही मीच सांगितलं. नानांना हसू नका.' या खेपेला मात्र तिचं बोट पाठवण्याच्या खुणेवर कितीतरी वेळ थबकलं आणि मग टेकलं.

मामा परत आला तेव्हा टबातली शेव त्याच्या बोटांमागे धावत होती आणि ढोकळ्याच्या अंगावरचे ठिपके गेले होते. तपासाबद्दल त्याने तिघांना आईस्क्रीम दिलं. ममताला तो एवढंच म्हणाला, "गच्चीवर गेलीस ते बरं केलंस. मी असतो तर मलाही सुचलं नसतं." कुलरसाठी जादा पंप आणून ठेवला नाही ही चूक त्याने नानांसमोर स्वतःच्या पदरात घेतली. नाना हसले, पण अगदी पूर्वीसारखे नाही.

कोडं सुटलं की सगळे एका जागी जमतात, बोलतात, शाब्बास म्हणतात. त्या गडबडीत एखादा माणूस गुपचूप उठून गेलेला असतो. तुमच्याही घरी एवढ्यात काही फुटलं असेल, हरवलं असेल, मेलं असेल आणि चूक कुणाची हे ठरूनही गेलं असेल. तर पुढचं पान उलटण्याआधी एवढं करा. आज दिवसभर ज्याचा आवाज ऐकू आला नाही, तो कुठे बसलाय, ते जरा बघून या.