टाकी कोमट, नळी बर्फ

टाकीतलं पाणी चांगलं कोमट होतं, तरी ते बाहेर पडेना.

नोरबूकाकांनी आपल्या टँकरचा पंप पुन्हा सुरू केला. पंपाची जाडजूड नळी घुरघुरली, थरथरली आणि गप्प झाली. टँकरमध्ये थेंबही आला नाही.

"ओढत नाय," नोरबूकाका म्हणाले. लष्करात असताना ते देवळालीला राहिले होते आणि तिथलं मराठी त्यांनी अजून जपून ठेवलं होतं. "तुमचा पाइप जाम हाय."

"जाम कसा असेल?" शलाका उसळलीच. "बंबू, टाकीचं तापमान सांग!"

"बावीस अंश सेल्सिअस," बंबू अदबीने म्हणाला. "टाकी सुखरूप आहे, शलाकाताई."

बंबू म्हणजे घर सांभाळणारा यंत्रमानव. दिसायला पितळी बंबासारखा, म्हणून हे नाव. आणि घर म्हणाल, तर त्याला चाकं होती. तुम्ही आई-बाबा व्हाल ना, त्या सुमाराची ही गोष्ट आहे. हिमनद्यांचा अभ्यास करणारी शलाकाची आई लडाखच्या एका उंच पठारावर अशा फिरत्या घरात राहायची. आंघोळीचं, भांड्यांचं, संडासाचं सगळं पाणी घराच्या पोटाखालच्या साठवण-टाकीत (वापरलेलं पाणी धरून ठेवणाऱ्या टाकीत) जमा व्हायचं. नाक मुरडू नका. त्या पठारावर घाण पाण्याचा एक थेंबही सांडायची मनाई होती, आणि शास्त्रज्ञ झाला तरी संडासाला जातोच.

शलाका एरवी साताऱ्याला मामाकडे राहून शिकायची. यंदा पहिल्यांदाच तिला हिवाळाभर आईजवळ राहायला मिळणार होतं. अट एकच होती. खिंड बर्फाने बंद होण्याआधी नोरबूकाका हे पाणी न्यायला शेवटची फेरी करत, त्या फेरीत टाकी रिकामी व्हायला हवी. भरल्या टाकीत जेमतेम एका माणसाचा हिवाळा निघाला असता, दोघींचा नाही. टाकी रिकामी झाली नाही, तर शलाकाने नोरबूकाकांबरोबर परत जायचं. तिची बॅग त्यांनी टँकरमध्ये ठेवलीसुद्धा होती.

आणि टाकी गोठू नये म्हणून हीटर निवडायचं काम आईने शलाकावरच सोपवलं होतं! खोक्यात तीन प्रकार होते. पाण्यात बुडवायची हजार वॅटची कांडी, टाकीला बाहेरून चिकटवायची साठ वॅटची रबरी चटई आणि नळीभोवती गुंडाळायची चाळीस वॅटची चपटी पट्टी. बॅटरीला एक तर कांडी झेपायची, नाहीतर चटई आणि पट्टी मिळून. शलाकाने दांडगा पहिलवान बघून कांडी उचलली आणि टाकीच्या वरच्या झाकणातून आत सोडली.

आई बाहेर आली. "बावीस अंश? टाकीला काय अभ्यंगस्नान घालायचं होतं?"

"आई, चिडवू नकोस ना! काका निघतील आता."

"बरं, सांग. बंबू तापमान कुठे मोजतो?"

"झाकणापाशी."

"गिझरमधून गरम पाणी कुठून बाहेर येतं?"

शलाका पाय आपटत म्हणाली, "वरून. गरम पाणी हलकं होतं, ते वर चढतं." आणि ती थबकली. "टाकीची नळी तर तळाशी आहे!"

"तळाशी, आणि बारीक. पातेल्यातली आमटी गरम राहते. तीच ताटात वाढली की?"

"लगेच निवते."

"कारण ती पसरते. आमटी थोडी आणि उघडं अंग फार. नळीतही पाणी इवलंसं असतं आणि चहूबाजूंनी थंडी भिडलेली असते. म्हणून आधी नळी गोठते, मग तिची झडप (उघडता-मिटता येणारं नळीचं दार), आणि मोठी टाकी सगळ्यात शेवटी. टाकी तापवायची नाही गं. जिथून जेवढी उष्णता पळते, तिथे तेवढीच परत द्यायची."

नोरबूकाका खिंडीकडे बघत होते. "वारा सुटला. सूर्य त्या सुळक्यामागं गेला की मी निघनार."

"मी नळीवर उकळतं पाणी ओतते!" शलाका स्वयंपाकघराकडे धावली.

"ओत. नळी तडकली की सगळा मैला पठारावर," आई म्हणाली.

शलाका मागे फिरली. तिने कांडी बंद केली आणि चटई-पट्टी घेऊन घराखाली सरपटत शिरली. चटई टाकीच्या तळाला चिकटवली, म्हणजे खालचं पाणी आधी ऊन होणार. पट्टी नळीला वेटोळे देत झडपेपर्यंत नेली.

"पट्टीवर पट्टी चढवू नकोस," आईने वाकून सांगितलं. "तिथे उष्णता साठून ती जळेल."

वरून शलाकाने आपली गोधडी गुंडाळली.

"गोधडी किती वॅटची आहे?" बंबूने विचारलं.

"शून्य! ती तापवत नाही रे, आतली ऊब पळू देत नाही."

गोधडीखाली नळीला तिने एक तापमापक बांधला होता; त्याचा आकडा बंबू मोठ्याने सांगू लागला. उणे नऊ. उणे सहा. उणे दोन. शलाका टाळ्या पिटायच्या बेतात होती. शून्य.

शून्य.

"अजून शून्य," बंबू म्हणाला.

शलाका घराभोवती फेऱ्या मारू लागली. सूर्य सुळक्याला टेकत आला होता. नोरबूकाका गाडीत जाऊन बसले. आकडा मात्र हलेना. शलाका ओरडली, "पट्टी बिघडली! बंबू, ती बंद कर, कांडी लाव!"

"काय करू?" बंबूने आईला विचारलं.

"काम शलाकाचं आहे, ठरवायचंही तिनेच," आई म्हणाली. मग ती शलाकाजवळ बसली. "पण आधी पट्टीला हात लावून बघ."

शलाकाने गोधडीत हात घातला. पट्टी ऊन होती.

"म्हणजे उष्णता नळीत जातेय," आई म्हणाली. "आकडा वाढत नाही, मग ती जाते कुठे?"

शलाकाने वाकून नळीकडे पाहिलं. आत नुसता बर्फ होता. उष्णता घेणारं दुसरं होतं कोण? "बर्फच खातोय का ती?"

"खातोय! बर्फाचं पाणी व्हायला भरपूर उष्णता लागते. सगळी त्यातच खर्ची पडते, म्हणून बर्फ असेपर्यंत तापमान वाढत नाही. त्या उष्णतेला अप्रकट उष्मा (आकड्यात न दिसणारी उष्णता) म्हणतात. आकडा थांबला म्हणजे काम थांबलं असं नाही."

शलाकाला थांबणं कधी जमलेलं नव्हतं. तिला बर्फाला लाथ मारावीशी वाटत होती. "बंबू," ती कशीबशी म्हणाली, "पट्टी राहू दे."

सुळक्याची सावली टँकरवर आली. नोरबूकाकांनी गाडी सुरू केली.

"शून्य," बंबू म्हणाला. "शून्य. एक अंश. दोन!"

"काका, पंप! पंप लावा!" शलाका गाडीसमोर हात पसरून उभी राहिली.

पंप घुरघुरला. पंपाची नळी थरथरली, मग जड झाली आणि गडगड आवाज करत टाकीतलं पाणी टँकरमध्ये धावू लागलं. वास तर असा सुटला की विचारू नका! शलाका त्या वासातच नाचत होती.

टाकी रिकामी झाल्यावर तिने तळाला थोडं स्वच्छ पाणी सोडलं, म्हणजे चटईमुळे कोरडी टाकी करपायला नको. मग थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला आपोआप चालू-बंद होणारी कळ) पाच अंशांवर लावला. त्याहून जास्त कशाला हवं?

नोरबूकाकांनी बॅग खाली दिली. "बर्फ वितळला की येतो," म्हणाले आणि निघून गेले.

आई पायरीवर बसली. "सकाळपासून धास्ती होती गं मला, तू जातेस की काय."

"तुलासुद्धा?" शलाका तिला बिलगली.

मग आई म्हणाली, "पुढे माणसं मंगळावरही अशी घरं घेऊन फिरतील. तिथली थंडी इथल्याहून कितीतरी कडक असते."

"मग मी जाणार. पोहोचल्याबरोबर आधी नळ्या बघणार!"

"आणि मला इथे ठेवून जाशील?"

दर वर्षी आई साताऱ्याहून निघताना शलाका हेच विचारायची.

"छे," शलाका म्हणाली. "टाकीच मोठी घेऊ."