रांगेत पहिली अक्षदा

सांगायचं माझ्या जिवावर आलंय. पर लाईट गेली की एस.टी.नं कॉलेजला जाणाऱ्या ह्या चौघा पोरांना दुसरं काही सुचत नाही. कंदील माझ्या पुढ्यात ठेवतात आणि म्हणतात, "आबा, डब्याचं सांगा." चार बुकं शिकलेली माणसं, आणि भुताचं ऐकायचं ते बिनशिकल्याच्या तोंडनं. ऐका मग. मधी बोलायचं नाही, आणि कारण काय होतं असं शेवटी इचारायचं नाही. कारण ठाऊक असतं तर म्या रातच्याला निवांत झोपलो असतो.

आमच्या ईट गावात घराघरात नेट देतो तो कुलदीप. भावकीतलाच, माझ्या चुलतभावाचा नातू. त्याची सगळी यंत्रं माझ्या कडब्याच्या खोलीत. म्हशी विकल्या तवापासनं खोली रिकामीच होती. म्हणलं घे बाबा, उंदरापेक्षा तू बरा. किल्ली तेवढी माझ्या करगोट्याला.

मागल्या साली बारावीच्या निकालादिवशी कुलदीपचं नेट बसलं. अख्ख्या गावानं एकदम फोन उघडले, आणि बाहेरनं येणारी लाईन पडली बारीक. गळा आवळल्यागत झालं. धुरपताबाईची अक्षदा उंबऱ्यात बसून फोनवर बोट मारून मारून दमली. सकाळीच न्हालेली, केस अजून ओले. शेवटी म्हणली, "आई, मी तालुक्याला, भूमला जाऊन बघून येते," आणि मामाची स्कूटी काढली. वळणावर खडीचा डंपर आला. भूम काही तिला दिसलं नाही. पुढं तो निकाल कुणी उघडून बघितलाच नाही. कुणाची छाती होती?

धुरपताबाई कुलदीपला एका शब्दानं बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर पोरगं सुटलं असतं. त्यानं आपणच जाऊन तिच्या घराची नेटची तार सोडली, वेटोळं करून खांबाला बांधली, आणि मनाशी धरलं, की येत्या साली ह्या गावातल्या एकाबी लेकराला निकालापायी भूमची वाट धरावी लागता कामा नये. लागली तर हा धंदाच नको.

म्हणून चैतात त्यानं तो डबा आणला, नवा कोरा. काम त्याचं सोपं. टँकर गावात एकदा येतो, हौदात पाणी सोडतो, आणि बाया हौदातनं भरतात. घागरी-घागरीपायी टँकर धावत नाही. तसंच. निकालाच्या पानाची चित्रं, रंग, जे सगळ्यांना सारखंच लागतं, ते डब्यानं बाहेरनं एकदा आणायचं, नक्कल ठेवायची आणि गावाला वाढायची. ज्याचा त्याचा निकाल तेवढा वेगळा. त्याची नक्कल ठेवायची नाही, ज्यानं मागितला त्याच्या हातात थेट नेऊन द्यायचा.

सोपं म्हणे. चैत गेला, वैशाख लागला, आणि कुलदीप त्या डब्याशी भांडतोच आहे. खोटी गर्दी सोडून बघायचा, डबा मान टाकायचा. नकलांना जागा वाढवून दिली, तर बाकीच्या कामाला श्वास पुरेना. एका टायमाला किती जणांना दारात घ्यायचं तो आकडा वाढवला, तर डबा तापून बंद. वर पत्रा, खिडकीला ओलं पोतं, लाईट कवा जाईल त्याचा नेम नाही. एक गाठ सोडवावी तर दुसरी बसायची. पोरगं जेवणावर चिडायचं, पंख्यावर चिडायचं, माझ्या खोकल्यावर चिडायचं.

"दगड बांधून हिरीत टाक ह्याला," म्या म्हणायचो.

"आबा, तुम्ही जरा गप बसता का?"

शेवटी एकच खोड उरली. ज्याला लई वेळ उत्तर मिळालं नाही, त्याला डबा आपणहून हाकलायचा. हाकललेलं माणूस पुन्हा पहिल्यापासनं मागायचं, आणि गर्दी जास्तच चढायची. निकालाच्या सकाळी कुलदीपनं कीबोर्ड आपटला.

"ही हाकलायची मुदतच काढून टाकतो बघा. कितीबी वाट बघू दे, कुणालाच माघारी लावायचं न्हाय. जो आधी आला त्याला आधी."

"भरदुपारी असं दार सताड टाकू नये," म्या म्हणलो.

"का? ऊन लागतंय का डब्याला?"

आमच्यात भरदुपारी उंबऱ्यात कुणी उभं दिसलं, तर तोंडानं 'या' म्हणत नाहीत. आधी पाय बघतात. पर शिकलेल्याला कोण सांगणार?

एक वाजला, निकाल लागला. गावात कुत्रंबी भुंकंना. डब्याचे दिवे काजव्यागत लुकलुकाय लागले, पंख्याचा आवाज चढला, आणि डबा चालला. धाप नाही, अडखळणं नाही. कुलदीप चैतापासनं पहिल्यांदा हसला.

तेवढ्यात खोलीत शिकेकाईचा वास आला. नुकत्या न्हालेल्या, ओल्या केसांचा. आम्ही दोघं गडी, त्यात एक टकला. म्या कुलदीपकडं बघितलं. त्याचं हसू तसंच राहिलं होतं, पर डोळे दाराकडं.

दारात शिवशंकर आला. एस.टी.त कंडक्टर, तवा आमच्याच मार्गावर असायचा. त्याची निकिता औंदा बारावीला. त्यानं फोन कुलदीपच्या नाकापुढं धरला.

"निकिताचा नंबर टाकला. आईचं नाव टाकलं. काय आलं बघ."

पानावर नाव होतं अक्षदाचं. वर मागल्या सालची तारीख.

"माझ्या एकट्याच्याच न्हाय. गल्लीत समद्यांच्या फोनवर हीच पोरगी." मग त्याची नजर माझ्यावर आली. "किल्ली कुणाकडं असती हितली? रिकामं म्हातारं, दिसभर खोलीत बसतंय. मेलेल्या लेकराची टिंगल करताना लाज वाटली न्हाय व्हय?"

"मला त्या डब्याचं तोंड कुठलं आन् शेपूट कुठलं, त्ये ठाऊक न्हाय," म्या म्हणलो.

"समदं ठाऊक हाय तुम्हाला. माझी पोरगी घरात रडतीया. अर्ध्या तासात न्हाय दिसलं, तर मी तिला गाडीवर बसवून भूमला नेतो."

तो गेला. भूमचं नाव निघालं आणि कुलदीपचा चेहरा मातीगत झाला.

त्यानं सगळ्या नकला पुसल्या. आपल्या फोनवर बघितलं. अक्षदा. डबा बंद करून चालू केला. अक्षदा. दात खाऊन बाहेरून येणारी तारच उपटली. फोन पुन्हा उघडला. अक्षदाच.

"आबा... बाहेरची लाईन माझ्या हातात हाय. मग ही येतीया कुठनं..."

त्यानं रांग उघडली. कोण कोण थांबलंय, ते डबा ओळीनं दाखवतो. अख्खं गाव होतं त्यात. सगळ्यात वर धुरपताबाईचं घर. वाट बघण्याचा आकडा तिथल्या रकान्यात मावत नव्हता, तरी सरकतच होता.

"तार तर खांबाला गुंडाळलीय..." कुलदीप पुटपुटला. "आन् डबा चैतातला. ही मागल्या सालापासनं थांबलीय."

"हाकलता येती का?"

"येती."

त्यानं बोट हाकलायच्या बटणावर ठेवलं. वास एवढा दाटला, की कुणी मागं उभं राहून केस झटकतंय असं वाटावं. माझ्या मानेवर गार थेंब पडला. म्या वळलो नाही. कुलदीपनं बोट उचललं.

"एकदा हाकललीय म्या तिला," म्हणला, आणि बाहेरची तार परत खोचून, शिडी खांद्यावर घेऊन उन्हात निघाला.

पुढचं त्यानं मला नंतर सांगितलं. खांबावरची तार सोडून तो धुरपताबाईच्या दारात गेला, तवा ती सुपात जवारी निवडत बसली होती.

"मावशी... तार जोडायची होती."

"जोड."

तिचा हात थांबला नाही. घरात दुसरं माणूस नाही, फोन नाही. कोनाड्यात नेटचं छोटं यंत्र धूळ खात पडलेलं. कुलदीपनं तार खोचली. दिवा हिरवा झाला आणि लुकलुकत राहिला, तहानलेलं लेकरू घटाघटा पाणी पितं तसा. मग थांबला. आतल्या अंधारात कुणीतरी लांब श्वास सोडला.

धुरपताबाईनं तिकडं न बघता विचारलं, "पास हाय नव्हं?"

"पास हाय, मावशी. पहिल्या वर्गात."

"मग येईल आता," ती म्हणली, आणि सूप पाखडाय लागली.

इकडं माझ्या डोळ्यादेखत रांगेतली वरची ओळ गेली आणि खालच्या भराभर सुटल्या. ज्याला त्याला आपापलं पान मिळालं. निकिताबी पास झाली. त्या दिवशी भूमला कुणी गेलं नाही. कुलदीप जिंकला म्हणायचा, पर घरी जाऊन त्यानं दोन दिवस अन्न घेतलं नाही.

ती तार पुन्हा उतरवायची त्याची हिंमत झाली नाही. आणि दुसऱ्या दुपारपासनं त्या तारेवरनं मागणी यायला लागली. निकालाची नव्हे. भूमहून ईटला येणाऱ्या एस.टी. गाड्यांच्या वेळा. रोज, भरदुपारी. डबा बिचारा नक्कल द्यायचा. कुलदीप बघायचा आणि पडदा झाकून ठेवायचा.

आषाढ लागला. एका दुपारी भूमहून निघालेल्या गाडीत दोन म्हातारे आणि खताच्या गोण्या, बस्स. कंडक्टरनं बटण दाबलेलं नसताना तिकिटाच्या मशीनमधनं तिकीट बाहेर आलं. भूम ते ईट. बाईमाणसाचं, अर्धं. हे मला ड्रायव्हरनं सांगितलं. कंडक्टर कुणाला बोलला नाही. आठवड्याच्या आत त्यानं दुसऱ्या मार्गावर ड्यूटी मागून घेतली. त्याच्या आदल्या दिवशी माझ्या दारात येऊन पाणी मागितलं, तांब्या रिकामा केला, तोंड उघडलं, मिटलं, आणि गेला.

त्या तिकिटाच्या दिवसापासनं धुरपताबाईच्या घरनं गाड्यांची विचारणा बंद झाली. एकदाबी आली नाही. सांजच्याला म्या तिच्या दारावरनं जातो, तवा ती आत कुणाशी तरी हळू आवाजात बोलत असते, मधीमधी हसते. म्या पाय उचलून चालतो.

भुतावर विश्वास बसला त्या माणसाचा, पर 'आबा, ती टिंगल तुमची नव्हती, माझं चुकलं' म्हणायला जीभ उचलली नाही. लेकरांनो, तुमच्या गाडीत भेटला तर सांगा त्याला, म्हातारा अजून वाट बघतोय म्हणून. शिवशंकर कंडक्टर.